घड्याळाकडे नजर कधी गेली? चित्रपट-यादीच्या नोंदी

शनिवार, ८ मार्च २०२५

ऑस्कर होऊन आठवडाही उलटला नाही आणि "काय बघू?" असे निरोप सुरू झाले. दर वर्षी माझं उत्तर ठरलेलं: "चांगला आहे, बघ." याचा कोणाला काडीचा उपयोग होत नाही. ताईचं बाळ दुपारी दीड तास झोपतं. सिनेमा थोर आहे का, हे तिला नको असतं. तेवढ्या वेळात बसेल ना आणि मधेच सोडावासा वाटणार नाही ना, इतकंच तिला हवं असतं. काकांचं उलटं. वेळ मुबलक, पण सिनेमा रंगला नाही की तासाभरात मान छातीवर.

म्हणून या वेळी नीट यादी करायची. गेल्या दोन-अडीच वर्षांतले चित्रपट, काही पहिल्यांदा, काही पुन्हा. तारे द्यायचे नाहीत. साडेतीन तारे म्हणजे नक्की काय, हे मला आजवर कळलेलं नाही. रकाने तीनच: लांबी, घड्याळाकडे पहिल्यांदा नजर कधी गेली, आणि तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. परीक्षणं आधी वाचायची नाहीत. मी समीक्षक नाही, शनिवार-रविवारची प्रेक्षक आहे, तेव्हा जे लिहीन ते खुर्चीत बसल्या बसल्या जाणवलं तेवढंच.

रविवार, ९ मार्च

'अनोरा'. दोन तास एकोणीस मिनिटं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर. त्यातली चार एकट्या शॉन बेकरची, आणि त्यांत एक संकलनाचं.

घड्याळ: पाऊण तासाच्या आतच. अनी ही क्लबमध्ये नाचणारी मुलगी, वान्या हा रशियन धनाढ्याचा लाडावलेला मुलगा. दोघांच्या पार्ट्या, मग लास व्हेगास, मग लग्न. सगळं भराभर कापलेलं, दिव्यांचा लखलखाट, गाणी. आणि मी घड्याळ बघतेय.

मग वान्याच्या बापाची माणसं लग्न मोडायला बंगल्यात येतात. तिथून एकाच घरात वीसेक मिनिटांहून लांब प्रसंग चालतो. आरडाओरडा, चावाचावी, फुटलेल्या वस्तू, आणि मधूनच अगदी अदबीने बोलणारे गुंड. या सगळ्यात मी हललेदेखील नाही. म्हणजे वेगवान भागात कंटाळा आणि एका खोलीत अडकलेल्या भागात नाही. हे लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.

अनी झालेल्या मिकी मॅडिसनला अभिनयाचं ऑस्कर मिळालं त्यात नवल नाही. शेवटच्या गाडीतल्या प्रसंगाबद्दल मात्र मला अजून ठरवता येत नाही.

शनिवार, १५ मार्च

'द ब्रुटलिस्ट'. यादीतला सगळ्यांत लांब: २१५ मिनिटं, त्यात १५ मिनिटांचं मध्यंतर चित्रपटाचाच भाग. पडद्यावर लग्नाचं एक जुनं छायाचित्र येतं आणि त्यावर उलटी मोजणी सुरू होते. मी घड्याळाकडे पाहिल्याची नोंद ठेवणार होते, इथे दिग्दर्शक ब्रेडी कॉर्बेटने स्वतःच घड्याळ समोर आणून ठेवलं.

हे मध्यंतर फार विचार करून टाकलंय. लास्लो टोथ हा हंगेरियन ज्यू वास्तुरचनाकार (काल्पनिक पात्र) छळछावणीतून वाचून अमेरिकेत येतो. बायको मागे युरोपात अडकलेली. पहिल्या भागात ती आपल्याला फक्त पत्रांतून ऐकू येते. ती येणार का, कधी, कोणत्या अवस्थेत? तेवढ्यात मध्यंतर. पंधरा मिनिटं त्या छायाचित्रात आपण तिचाच चेहरा न्याहाळत बसतो. दुसरा भाग सुरू होतो तो तिच्या येण्यानेच, आणि ती चाकांच्या खुर्चीत असते. मी मध्यंतरात उठून हातपाय मोकळे करणार होते, उठलेच नाही.

घड्याळ: दुसऱ्या भागात, बांधकामाचं साहित्य आणणारी रेल्वे घसरते आणि काम बंद पडतं, त्यानंतर. नंतर विचार केला, तिथेच का? कारण तोवर सगळा चित्रपट एका प्रश्नावर उभा होता: लास्लो बांधत असलेली ही इमारत उभी राहणार का, आणि तिच्यापायी हा माणूस काय काय गमावणार? काम थांबलं, प्रश्न थांबला, आणि माझं मन बाहेर पडलं. काम परत सुरू झालं तशी मीही परत आत.

व्हेनिसमधला १९८० सालचा उपसंहार मला पटला नाही. साडेतीन तास दगड आणि काँक्रीट स्वतःच बोलत होतं, शेवटी कोणी तरी भाषण करून त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

चित्रपट ज्या पद्धतीने टिपलाय त्या व्हिस्टाव्हिजनबद्दल एक ओळ ठेवते, कारण काका विचारणार: १९५४ सालची पॅरामाउंटची पद्धत, फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते, त्यामुळे चौकट मोठी मिळते आणि चित्र जास्त बारकाईचं येतं. छायाचित्रणाचं ऑस्कर याच चित्रपटाला. खाणीतला संगमरवर पाहताना ते कळतं.

रविवार, १६ मार्च

कालचं डोक्यात होतं म्हणून 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'ची जुनी आठवण मुद्दाम लिहिते. २०६ मिनिटं, मध्यंतर नाही. २०२३मध्ये परदेशात काही चित्रपटगृहांनी आपल्या मनाने मध्यंतर घातलं तेव्हा चित्रपटाच्या बाजूने हरकत घेतली गेली होती. तेव्हा मला ती हरकत आढ्यतेची वाटली होती. कालच्या अनुभवानंतर जरा वेगळं वाटतं. कुठे थांबायचं हे दिग्दर्शकानेच ठरवलं असेल तर मध्यंतर कथेचा भाग होतं. मधेच कोणी तरी दिवे लावले तर नाही.

त्या चित्रपटात मी घड्याळ बघितलं होतं, आणि एकदाच नाही. डेव्हिड ग्रॅनच्या मूळ पुस्तकात अमेरिकेतल्या ओसेज या आदिवासी लोकांचे खून कोण करतंय हे बराच काळ गूढ राहतं. दिग्दर्शक स्कोर्सेसी ते लवकरच उघड करतो. मग 'कोण' उरत नाही. 'प्रेम करणारा नवरा हे कसं करू शकतो' हा प्रश्न उरतो, आणि तो जास्त खोल आहे हे कबूल. पण शेवटच्या तासात त्याचं उत्तर पुन्हा पुन्हा तेच मिळत राहतं. बायको झालेली लिली ग्लॅडस्टोन पडद्यावर असली की मात्र घड्याळ आठवत नाही. ती कमी दिसते, हीच माझी तक्रार.

रविवार, २३ मार्च

'फ्लो'. दीड तासाच्या आत. ताईसाठी.

लाटव्हियाचा पहिला ऑस्करविजेता चित्रपट, दिग्दर्शक गिंत्स झिल्बालोदिस, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केलेला. पूर आलाय, माणसं कुठेच नाहीत, एक मांजर आणि इतर प्राणी एका नावेत. संवाद शून्य. प्राणी आपापल्या आवाजातच बोलतात, कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, कारण खरा आवाज त्या शांत प्राण्याला शोभेना.

घड्याळ: नाही.

इथे एक गोष्ट सुचली. बोलपट असला की डोळे इकडेतिकडे गेले तरी कान कथा धरून ठेवतात. संवाद नसले की नजर काढली की गेलंच. म्हणजे घड्याळाकडे न बघणं हा नेहमीच चित्रपटाचा गुण नसेल, कधी कधी ती सक्तीही असेल. सबटायटल वाचावी लागतात तेव्हाही तसंच. यादीत चौथा रकाना वाढवला: 'डोळे बांधलेले होते का'. परभाषेतल्या चित्रपटांना त्यामुळे फुकटचे गुण मिळणार नाहीत.

ताईने बाळ झोपल्यावर पाहिला. तिचा निरोप: "संपल्यावर कळलं की ते उठून बसलंय आणि तेही बघतंय." हा कोणत्या रकान्यात घालू?

रविवार, ३० मार्च

'वाळवी' पुन्हा. पावणेदोन तासांच्या आसपास. परेश मोकाशी, २०२३. सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट.

बायकोचा काटा काढून ती आत्महत्या भासवायची, असा नवरा आणि त्याच्या प्रेयसीचा बेत. बेत अगदी मिनिटामिनिटाचा आखलेला, पात्रंच सतत वेळेचा हिशेब करतात, त्यामुळे आपल्याला तो करावा लागत नाही. पुढचं सांगत नाही. दुसऱ्यांदा पाहताना सगळं ठाऊक असूनही घड्याळ नाही, आणि सबटायटलही नाहीत. स्वप्नील जोशीला असं भेदरलेलं बघायला मजा येते. अनिता दाते तर भेदरत नाही, भेदरवते.

काका पूर्ण जागे. "हे असं लिहायला जमतं तर वर्षातून दहा का नाही लिहीत?" बरोबर आहे त्यांचं.

शनिवार, ५ एप्रिल

'परफेक्ट डेज'. दोन तासांहून थोडा जास्त. माझ्या आत्तापर्यंतच्या तर्काला यानेच धक्का दिला.

अनोरा, ब्रुटलिस्ट, वाळवी यांच्यावरून मी जवळजवळ ठरवलं होतं: कोणाला तरी काही तरी हवंय, आणि ते मिळेल का हे उघडं आहे, तोवर माणूस घड्याळ बघत नाही. इथे हिरायामाला काहीच नकोय. टोकियोत सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा माणूस. उठतो, अंथरूण घडी करतो, रोपांना पाणी देतो, गाडीत कॅसेट लावतो, काम करतो, झाडांच्या पानांचा फोटो काढतो, वाचत वाचत झोपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो बोलतही नाही फारसा. वरच्या तर्काप्रमाणे मी विसाव्या मिनिटाला घड्याळ बघायला हवं होतं.

पाहिलं नाही. सबटायटल तरी काय, बोलणंच कमी.

दोन दिवस यावर विचार केला. मला वाटतं, तोच दिवस तिसऱ्यांदा आला की आपण फरक शोधायला लागतो. आज तो वर बघून हसला का? आज कॉफीचा डबा यंत्रातून घेतला का? त्या स्वच्छतागृहात फटीत अडकवलेल्या कागदावर फुली-गोळ्याचा खेळ सापडतो तेव्हा अक्षरशः जीव सुखावतो, पुढची खेळी आली का एवढ्यासाठी मी पुढचा दिवस बघायला तयार. म्हणजे प्रश्न आहेच, फक्त तो पात्राचा नसून माझा आहे. विम वेंडर्सने तो माझ्याकडे सोपवलाय.

हिरायामा झालेल्या कोजी याकुशोला कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला तो शेवटच्या प्रसंगासाठीच दिला असावा असं मला उगाच वाटतं. गाडी चालवतोय, गाणं लागलंय, आणि चेहऱ्यावर हसू आणि रडू आळीपाळीने. तो खूप लांब आहे. लहानही चालला नसता.

एक आक्षेप: या चित्रपटाचा उगम टोकियोच्या शिबुया भागात नामवंतांनी रचलेल्या स्वच्छतागृहांच्या प्रकल्पात आहे, आणि ते जाणवतं. शिगेरू बान यांचं पारदर्शक भिंतींचं, कडी लावली की धूसर होणारं स्वच्छतागृह सुरेख आहे, पण इतकी नीटनेटकी घाण मी कुठे पाहिली नाही.

शनिवार, १२ एप्रिल

'द झोन ऑफ इंटरेस्ट'. पावणेदोन तास. घड्याळ: सुरुवातीच्या अर्ध्या तासातच.

पण ही नजर अनोरातल्या नजरेसारखी नव्हती. आउशवित्झ या नाझी छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस, बायको, मुलं, बाग, पोहण्याचा हौद. भिंतीपलीकडे छावणी. पलीकडचं काही दाखवत नाहीत, फक्त ऐकू येतं: धडधड, ओरडणं, मधेच गोळी. घरात कॅमेरे एका जागी बसवलेले, जवळ कोणी चित्रीकरण करणारं नाही, त्यामुळे माणसं आपल्या घरात वावरतात तशी वावरतात. ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. मी घड्याळ बघितलं कारण मला तिथून बाहेर पडायचं होतं.

म्हणून रकाना फोडला. घड्याळाकडची नजर तीन तऱ्हांची:
कंटाळा.
सोसवत नाही.
आणि तिसरी, 'अरे, एवढाच उरला?' ही.

दुसऱ्या तऱ्हेचे चित्रपट ताईला आत्ता नकोत. काकांना हा मी स्वतःहून सुचवणार नाही, त्यांनी मागितला तर देईन.

यात ह्योसची बायको झालेल्या सांड्रा ह्यूलरचा 'अनॅटमी ऑफ अ फॉल' त्याच वर्षीचा, २०२३चा. अडीच तास, कोर्टातला. नवरा वरून पडला की ढकलला, हे चित्रपट छातीठोकपणे सांगत नाही. तिसरी तऱ्हा, शेवटची वीस मिनिटं. भांडणाच्या ध्वनिमुद्रणाचा प्रसंग ज्यांचं लग्न झालंय त्यांनी एकेकट्याने बघावा.

शनिवार, १९ एप्रिल

'गॉडझिला मायनस वन'. दोन तास पाच मिनिटं. काकांबरोबर, त्यांच्या आग्रहाने. ३५ जणांच्या चमूने ६१० दृश्यं केली आणि दृश्यपरिणामांचं ऑस्कर नेलं. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतः त्या चमूचा प्रमुख. गॉडझिला पडद्यावर तसा थोडाच वेळ असतो, तरी चालतं, कारण युद्धातून जिवंत परतल्याची लाज वागवणारा तो वैमानिक आधी पटलेला असतो. घड्याळ दोघांचंही नाही.

शनिवार, २६ एप्रिल

सोमवारी, २१ तारखेला, पोप फ्रान्सिस गेले. जो तो 'कॉन्क्लेव्ह' बघतोय. यादीत तो होताच, आता वर घेतला.

दोन तास. राल्फ फाइन्सचा कार्डिनल लॉरेन्स नव्या पोपची निवडणूक पार पाडतोय आणि स्वतःच्या श्रद्धेशी झगडतोय. कृती म्हणाल तर काय, म्हातारी माणसं चिठ्ठीवर नाव लिहितात, घडी करतात, पात्रात टाकतात, मग सुई-दोरा ओवून चिठ्ठ्या मोजतात. ही निवडणूक होते त्या सिस्टिन चॅपेलमध्ये चित्रीकरणाला परवानगी नसते म्हणून चिनेचित्ता स्टुडिओत ते पुन्हा उभारलं. पण निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक फेरी पाठलागाच्या प्रसंगासारखी होते. हे तर माझ्या तर्काचं पाठ्यपुस्तकी उदाहरण.

शेवटचं वळण घाईत घेतलंय. इतक्या संयमाने चाललेल्या चित्रपटाने शेवटच्या दहा मिनिटांत दोन पायऱ्या एकदम उतराव्यात, हे रुचलं नाही. इझाबेला रोझेलिनीला जेमतेम संवाद आहेत, आणि तिच्या एका गुडघे वाकवून केलेल्या अभिवादनावर माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण मोठ्याने हसली.

शनिवार, ३ मे

छाया कदम यांचा दिवस. सकाळी 'लापता लेडीज', संध्याकाळी 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. दोन्ही दोन तासांच्या आसपास.

पहिल्यात त्या मंजूमाई, रेल्वे फलाटावर टपरी चालवणाऱ्या. दोन नवऱ्या घुंघटामुळे अदलाबदल होतात, ही गोष्ट किरण राव यांनी इतकी हलक्या हाताने सांगितलीय की उपदेश आहे हे उशिरा लक्षात येतं. उत्तरार्धात मात्र प्रत्येक पात्र एकेक धडा शिकून जातं, तिथे मी घड्याळ बघितलं. पहिली तऱ्हा, पण सौम्य. रवी किशनचा फौजदार आला की परत ठीक.

दुसऱ्यात त्या पार्वती. पायल कपाडियाचा हा चित्रपट २०२४ साली कानच्या मुख्य स्पर्धेत गेला, भारतीय चित्रपट तिथे तीस वर्षांनी पोचला, आणि ग्राँ प्री हा पुरस्कार घेऊन आला. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि रुग्णालयातच काम करणारी पार्वती. पार्वतीच्या घरावर बिल्डरची नजर, आणि हातात कागद नाहीत. परिचारिकांपैकी प्रभाचा नवरा जर्मनीत, बोलत नाही, आणि एके दिवशी परदेशातून एक लालभडक राइस कुकर येतो. रात्री ती एकटीच जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. एवढाच प्रसंग. मला त्यानंतर कितीतरी वेळ घड्याळ या वस्तूची आठवण नव्हती.

मुंबईतून कोकणात गेल्यावर चित्रपटाची चाल बदलते, सावकाश होते. काही जण तिथे सुटतील, यादीत तसं लिहिलं. मला तिथेच 'एवढाच उरला?' झालं.

छाया कदम यांच्याकडे दोन्हीकडे एकच गोष्ट आहे: समोरच्याला खोटा धीर न देता धीर देणं. त्यांच्यावर एक अख्खा चित्रपट कोणी तरी करा.

शुक्रवार, ९ मे

काल संध्याकाळी व्हॅटिकनमध्ये पांढरा धूर, म्हणजे नवा पोप ठरला. चौथ्या फेरीत निकाल, १३३ मतदार, लिओ चौदावे. काका म्हणाले, "सिनेमात जास्त वेळ लागला."

यादीशी संबंध एवढाच: दोन दिवस जगभरच्या वाहिन्यांवर तो धूर सोडणाऱ्या एका धुराड्याचं थेट दृश्य चालू होतं. स्थिर कॅमेरा, कौलं, धुराडं, शेजारी सीगल पक्षी. संवाद नाहीत, संकलन नाही, कथा नाही. काका ते बघत बसले होते आणि पेंगले नाहीत. 'संथ सिनेमा मला जमत नाही' हे त्यांचं वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही.

शनिवार, १० मे

याच मुद्द्यावरून 'ओपनहायमर' पुन्हा लावला. १८० मिनिटं. आमच्या दोघांच्या मतांत पहिल्यापासून अंतर. काकांच्या मते ट्रिनिटीचा, म्हणजे पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीचा, स्फोट झाला (आधी प्रकाश, मग ती शांतता, मग आवाज, तिथे आम्ही दोघंही श्वास धरून) की चित्रपट संपला, पुढचा तास कागदपत्रं. मला तोच तास सगळ्यांत जास्त धरून ठेवतो.

आज कारण सापडलं. काकांचा प्रश्न 'बॉम्ब फुटेल का' हा होता; तो १६ जुलै १९४५च्या पहाटे सुटतो. माझा प्रश्न तळ्याकाठचा. सुरुवातीला ओपनहायमर आणि आइन्स्टाइन बोलताना दिसतात, ऐकू येत नाहीत, आणि ओपनहायमरचा पुढचा विरोधक स्ट्रॉस याला वाटतं की बोलणं आपल्याबद्दल होतं. नोलन ते बोलणं अगदी शेवटी ऐकवतो. तो प्रश्न ज्याने उचलला त्याला तिसरा तास लागतो, ज्याने नाही उचलला त्याला चौकशी समितीची खोली दिसते. सुरुवातीचा तो प्रसंग चटकन निघून जातो, त्यामुळे काकांना दोष देता येत नाही. थोडा नोलनला देता येईल.

म्हणजे एकाच चित्रपटाला दोन माणसांच्या घड्याळाच्या वेळा वेगळ्या, आणि दोन्ही खऱ्या. यादीत दुसऱ्या माणसासाठी रकाना हवा.

रविवार, १८ मे

यादी पाठवली. लांबीप्रमाणे लावली, 'फ्लो' सगळ्यांत वर, 'ब्रुटलिस्ट' तळाला. 'ड्यून'चा दुसरा भाग वगळला. मोठ्या पडद्यावर पाहिला होता, लहानावर त्याची वेळ नोंदणं अन्यायाचं.

ताईने लगेच विचारलं: "तिसरी तऱ्हा फक्त दोनच ठिकाणी का?" पुन्हा बघितले तर वाढतील, असं कळवलं. तिला पुढच्या खेपेला दीड तासाच्या आतले आणखी हवेत. तेवढ्या लांबीचे चांगले सापडणं हे खरं काम, जूनमध्ये तेच करायचं.

काकांनी स्वतःच्या रकान्यात पहिली नोंद हातानेच केली. 'ओपनहायमर: दोन तासांनंतर. पडद्यावर काय चाललं होतं: काही नाही, बॉम्ब फुटून झाला होता.'